सोनं रोळायला गेलेल्यांनी इथे लिहा

बोरकूट: कपाट आवरताना बोटाएवढी काचेची कुपी सापडली, तळाशी सोन्याचे तीन कण. लेकाकडे मेल्बर्नला गेले होते तेव्हा एक दिवस बॅलरॅटला जाऊन आलो, त्याची आठवण. 1851 ला तिथे सोनं लागलं आणि जग लोटलं. सॉव्हरिन हिलला त्या काळचं गाव परत उभं केलंय. ओढ्यात बसून पसरट थाळ्यात रेती गोल गोल हलवायची, हलकी वाहून जाते, जड तळाशी राहतं. जन्मभर तांदूळ रोळलेली बाई मी! दुसऱ्याच थाळ्याला कण. ह्यांना फक्त गुडघेदुखी मिळाली. तुमचेही येऊ द्या.

चिंगी७: ओढ्यात तेच लोक कण टाकतात म्हणे

बोरकूट: टाकू देत. सापडले मला.

सदूभाऊ: थंडी!!! जुलैत गेलो, स्वेटर गाडीत. लाल डगलेवाल्यांनी बंदुकांचे बार काढले आणि धाकटीने जो सूर लावला… रासबेरीच्या गोळ्यांची अख्खी पुडी संपली तेव्हा थांबली.

आडवाट: युरेकाचं, म्हणजे बॅलरॅटच्या खाणवाल्यांच्या बंडाचं, कुणीच लिहिलं नाही? सोनं मिळो न मिळो, परवान्याचे सुरुवातीला महिन्याला 30 शिलिंग. 1854 च्या 3 डिसेंबरला पहाटे सैन्य चालून आलं, थोड्या वेळात सगळं संपलं. म्होरक्या पीटर लेलरचा डावा हात गेला. वर्षाच्या आत गडी विधिमंडळात!

हेमलता: म्हणजे आंदोलन ते आमदारकी तिकडेही सेम 😂

गुजरीकर: आमच्याकडे झारेकरी सराफांच्या दारातली माती झाडून नेतात, धुऊन सोनं काढतात. तुम्ही तिकीट काढून तेच केलंत, काकू.

बोरकूट: अहो खरंच की!

सुमीत_बे: आम्ही कॅलिफोर्नियात बोडीला गेलेलो. सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव. घरात टेबलं, बश्या, दुकानात माल, सगळं धूळ खात तसंच. डागडुजी फक्त पडू नये इतपत. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, पोरगं ओकलं. खायला तिथे काही मिळत नाही, आईने दिलेले धपाटे होते म्हणून वाचलो.

चिंगी७: धपाटे प्रवासात टिकतात? माझे दुसऱ्या दिवशी आंबतात

हेमलता: दही घालत असशील. आणि कांदा नको

चिंगी७: कांद्याशिवाय कसले धपाटे गं

बोरकूट: दुधात भिजवून दशम्या कर. कुकर झालाय, आले.