मांचू राजवाड्यातील उपपत्नींचे जीवन

प्रश्न : चीनच्या छिंग या मांचू राजघराण्यातील सम्राटांच्या मांचू उपपत्नी स्वेच्छेने राजवाड्यात येत असत का?

उत्तर १ : मुळीच नाही. आठ ध्वजांत (मांचूंच्या लष्करी-प्रशासकीय विभागांत) नोंदलेल्या घराण्यांतील मुलींना दर तीन वर्षांनी निवडीसाठी हजर करावे लागे आणि तोवर त्यांचे लग्न लावता येत नसे. निवड झाल्यावर राजवाड्यात रेशीम, मांस, कोळसा, दासी हे सारे दर्जाप्रमाणे मोजून मिळे. पुढे चीनची सत्ता हाती घेणारी त्सीशी १८५२ मध्ये खालच्या दर्जाने आली, १८५४ मध्ये एक पायरी वर चढली आणि १८५६ मध्ये मुलगा झाल्यावर आणखी वर गेली.

उत्तर २ : त्सीशीविषयी पुष्कळ लिहिले जाते, मला मात्र चन या उपपत्नीची कहाणी अस्वस्थ करते. १८८९ मध्ये ती थोरल्या बहिणीसह सम्राट क्वांगश्यूच्या अंतःपुरात आली, १८९४ मध्ये तिचा दर्जा उतरवला गेला, क्वांगश्यूने १८९८ मध्ये सुरू केलेल्या सुधारणा त्सीशीने मोडून काढल्यावर तिला कोंडून ठेवले गेले आणि १९०० मध्ये परकीय फौजा पेइचिंगमध्ये शिरत असताना राजवाड्यातल्याच विहिरीत तिचा अंत झाला. ती विहीर आजही तिथे आहे; तिचे दगडी तोंड इतके अरुंद आहे की पाहताना अंगावर काटा येतो.

प्रश्नकर्ता : आणि तिची बहीण?

उत्तर २ : ती १९२४ पर्यंत जगली. विहिरीजवळच्या दालनात चनचे स्मृतिस्थान तिनेच उभारले.