मदत हवी आहे: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत केर (नेपती) हे वाळवंटी झुडूप जगेल का?

रानबाग:
गोव्यात डिचोलीजवळची जागा, चिऱ्याची, दिवसभर ऊन. राजस्थानातली केराची रोपं उन्हाळ्यात लावली. पाऊस लागल्यावर बुंधा काळा पडला, पान एकही नाही. मेली का? पक्षी, फुलपाखरं यावीत म्हणून लावली होती.

सडा_कातळ:
पान नाही म्हणून मेलं असं धरू नका. केराला पान येतं ते कोवळ्या फुटीवर, बारीक, आणि लगेच गळतं. अन्न तयार करतात त्या हिरव्या फांद्याच. नखाने साल खरवडा. खाली हिरवं असेल तर जीव आहे. बुंधा मऊ, तपकिरी लागला तर मूळ कुजलंय, ते रोप सोडा.

जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिमीच्या आसपास, आपल्याकडे ३००० च्या घरात. त्यात कातळात खड्डा खणला की त्याचं टाकंच होतं, पाणी जायला वाट नाही. वाचलेली रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढून खोल कुंडीत लावा: दोन भाग जाड रेती, एक भाग चिऱ्याची भरड, एक भाग माती. सप्टेंबर संपेपर्यंत वळचणीखाली, पाणी जवळजवळ बंद.

तरी ही हौसच. थरच्या वाळवंटात केर मार्च-एप्रिलमध्ये विटकरी फुलतो, मग लाल फळं धरतो, म्हणून ऐन उन्हात पाखरांना त्याचा आधार. इथे ते काम वाघाटी, धायटी आणि करवंद करतात.

रानबाग:
वाघाटी म्हणजे आषाढी द्वादशीला फळांची भाजी करतात तीच?

काटेकुंपण:
तीच, केराच्याच कुळातली. फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात. पायोनियर आणि कॉमन गल ही फुलपाखरं तिच्यावर अंडी घालतात. पानं कुरतडलेली दिसली तर कडुनिंबाचं पाणीसुद्धा फवारू नका, लावायची ती त्याचसाठी. काटे आकडेदार, तेव्हा वाटेपासून लांब.

धायटी जानेवारीपासून लाल नळ्यांनी भरते, शिंजीर (मध पिणारे चिमुकले पक्षी) हटत नाहीत. तिचं बी धुळीसारखं. रेतीत मिसळून ट्रेवर भुरभुरवा, वर माती नको. झारीने पाणी घातलंत तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. रोपं पुढच्या जूनमध्ये जमिनीत, दोन मीटरवर एक.

सडा_कातळ:
आणि कडेने करवंद. बी पिकल्या फळातून काढून, धुऊन ताजंच पेरा. मे महिन्यात बुलबुलांआधी हात मारावा लागेल, एवढंच.