स्टिमॅक बॅक म्हणून भारी होता, पण कोच म्हणून? (चर्चा)

पेठकरी
2024 च्या जूनमध्ये इगोर स्टिमॅकला भारताच्या फुटबॉल संघाच्या कोचपदावरून काढलं, तेव्हा आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत पेढे वाटायचेच बाकी होते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्याच्या डोक्यावर फोडलेलं खापर निम्म्याहून जास्त भारतीय फुटबॉल फेडरेशनचं आणि क्लबांचं आहे.

आधी माणूस कोण ते बघा. क्रोएशियाचा सेंटर बॅक, म्हणजे मागच्या फळीतला मधला बचावपटू. 1987 ला चिलीत युगोस्लाव्हियाच्या युवा संघाकडून जगज्जेता. 1998 च्या विश्वचषकात क्रोएशिया तिसरा आला, त्या संघात हा होता. मला त्याची डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबातली गोष्ट जास्त आवडते. 1995 ला आला, पहिल्याच सामन्यात ट्रॅनमियरनं 5-1 नं धुतलं (तो एक गोलही यानंच मारलेला!). त्यानंतर सलग 20 सामने डर्बी हरली नाही आणि थेट प्रीमियर लीगमध्ये चढली. मागची फळी उभी करणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

भारतात 2019 ला आला आणि चारच महिन्यांत दोह्यात कतारला 0-0 वर रोखलं. कतार तेव्हा आशियाई विजेता, आणि आपल्याकडं कर्णधार आणि मुख्य गोल मारणारा सुनील छेत्री तापानं बाहेर. 2023 मध्ये इंफाळची तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा), तिन्ही जिंकल्या. त्यात सलग आठ सामने एकही गोल खाल्ला नाही. फिफा क्रमवारीत 99 वर गेलो. आणखी काय पाहिजे होतं?

गंगावेस_वाला
आठ सामन्यांतले प्रतिस्पर्धीही सांग की! म्यानमार, मंगोलिया, वानुआतू, नेपाळ. सगळे आपल्या घरात. खरी परीक्षा 2024 च्या जानेवारीत आशियाई चषकात झाली. ऑस्ट्रेलिया 0-2, उझबेकिस्तान 0-3, सीरिया 0-1. तीन सामने, शून्य गोल. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननं 2-1 नं हरवलं, तेही छेत्रीच्या 150 व्या सामन्यात, त्यानं पेनल्टी मारून पुढं नेल्यावर. बॅकनं घडवलेला संघ म्हणतोस, मग आघाडी का टिकली नाही?

पेठकरी
आशियाई चषकाआधी शिबिराला जेमतेम दोन आठवडे मिळाले. अन्वर अली, आशिक, जीकसन तिघंही जखमी. आयएसएल, म्हणजे देशातली क्लबांची मोठी लीग, थांबवायला कुणी तयार नव्हतं. त्याआधी हांगझोच्या एशियन गेम्सला संघ कसा गेला आठवतंय का? क्लब पोरं सोडेनात. शेवटी कसाबसा संघ जमवून विमानात बसवला, उतरल्या उतरल्या चीनसमोर उभं केलं आणि 5-1 नं खाल्लं. यात कोचनं काय करायचं?

लेफ्टबॅक_कायमचा
मला स्टिमॅक आवडायचा तो पाकिस्तानच्या सामन्यामुळं. बेंगळुरूची सॅफ, पहिला हाफ संपत आलेला. पाकिस्तानचा गडी थ्रो टाकायला चेंडू डोक्यावर घेतोय, तेवढ्यात यानं मागनं हात घालून चेंडू उडवला. रेड कार्ड. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या कोचनं असलं केलं असतं तर पब्लिकनं खांद्यावर घेऊन मिरजकर तिकटीपर्यंत नेलं असतं. नाद खुळा!

गंगावेस_वाला
हेच तर दुखणं आहे भावा. खांद्यावर घेण्यात आपण पटाईत. स्टेडियमवर हुल्लडबाजी झाली की स्पर्धा बंद पडते, मग पोरं महिनोन्महिने बसून राहतात. त्याच सॅफमध्ये स्टिमॅकला कुवेतविरुद्ध दुसरं रेड कार्ड मिळालं आणि दोन सामन्यांची बंदी आली. उपांत्य फेरीला आणि फायनलला बाकावर कोण होतं? महेश गवळी! तोही जुना बॅकच, पण आपला, गोव्याचा. ट्रॉफी मात्र स्टिमॅकच्या नावावर मोजायची.

मिसळ_कट
गवळींचा मुद्दा जबरदस्त. आणि ज्योतिषाचं कुणीच काढलं नाही? 2022 च्या आशियाई चषक पात्रता सामन्यांआधी स्टिमॅकनं खेळाडूंची नावं ज्योतिषाकडं पाठवल्याची बातमी आली होती. विश्वचषकाचं ब्राँझ गळ्यात असलेला माणूस ग्रह बघून संघ निवडत असेल, तर आमच्या तालमीचा म्हातारा वस्ताद बरा. तो निदान पायाची चपळाई बघतो.

पेठकरी
ज्योतिषाचं समर्थन मी करणार नाही. पण त्याच पात्रता फेरीत आपण तिन्ही सामने जिंकून आशियाई चषकाला गेलो. त्याच्यानंतरचा हिशोब बघा. पुढचा कोच मार्केझ, त्याच्या आठ सामन्यांत एकच विजय, मालदीववर. मग खालिद जमील आले. मडगावला सिंगापूरनं 2-1 नं हरवलं आणि 2027 चा आशियाई चषक गेला. कोच बदलून काय बदललं?

राजारामपुरी_9
दोघंही कोचपाशीच अडकलाय. आयएसएलचे क्लब नऊ नंबरला, म्हणजे गोल मारायच्या जागेवर, परदेशी गडी घेतात, आपली पोरं विंगला नाहीतर मागं. छेत्रीनंतर गोल मारणारा येणार कुठनं? कोल्हापुरात वेगळं काय चाललंय? सीझन आला की तालमी बाहेरनं खेळाडू आणतात, परदेशीसुद्धा. घरचं पोरगं बाकावर. आपला अनिकेत जाधव 2017 ला 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, पण त्यासाठी त्याला लहानपणीच कोल्हापूर सोडावं लागलं. अकरा फॉरवर्ड देऊन बघा, मग स्टिमॅकला शिव्या घाला.

गंगावेस_वाला
मान्य, पण पैशाचं काय? आशियाई चषकाची परीक्षा व्हायच्या आधीच, 2023 च्या ऑक्टोबरात, त्याला 2026 पर्यंत करार वाढवून दिला. मग काढलं, आणि वाद मिटवायला 4 लाख डॉलर मोजले. तेवढ्यात जिल्ह्या-जिल्ह्यात मैदानं झाली असती. करार फेडरेशननं केला हे खरं, पण घेणारा काही बिचारा नव्हता.

लेफ्टबॅक_कायमचा
2024 च्या जूनमधला शेवटचा कतारचा विश्वचषक पात्रता सामना तरी त्याच्या पदरात टाका. छांगतेच्या गोलवर आपण 1-0 नं पुढं. 73 व्या मिनिटाला चेंडू सरळ गोललाइनबाहेर गेला, आपला गोलकीपर गुरप्रीत थांबला, कतारच्या गड्यांनी मागं ओढून आत ढकलला आणि रेफ्रीनं गोल दिला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नाही. जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत होतो. आठवड्याभरात त्याला घरी पाठवलं.

गंगावेस_वाला
तो गोल चोरीचा, शंभर टक्के. 85 व्या मिनिटाला दुसरा खाल्ला, त्यात चेंडू कुठं बाहेर गेला होता?