साइटवरच्या तात्पुरत्या लाइटसाठी मदत हवी आहे
मंडळी, स्लॅबचं काम रात्री उशिरापर्यंत चालणार आहे, त्यामुळे साइटवर तात्पुरते दिवे लावायचे आहेत. मोकळ्या जागेत आयपी ६५ चे (धूळ आणि पाण्यापासून सुरक्षित) एलईडी फ्लडलाइट घेतोय. हॅलोजन फार तापतो आणि वीजही जास्त खातो, म्हणून तो बाद. खरी काळजी जिन्याची आहे. तिथे एकाच बाजूने फोकस मारला की उतरणाऱ्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते, आणि डोक्यावर घमेलं असेल तर पायरी दिसतच नाही. जिन्यात २४ व्होल्टची लाइन टाकावी, की ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) २३० व्होल्ट चालेल? २४ व्होल्टच्या लाइनला लांब वायरीत व्होल्टेज ड्रॉप (टोकापर्यंत व्होल्टेज कमी होणं) कितपत त्रास देतो? आणि अचानक वीज गेली तर माणसं सुखरूप खाली यावीत म्हणून बॅटरीवाले दिवे कुठे कुठे लावता? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.