लेबलमध्ये मोबाईल नंबर टाकणाऱ्यांनो, इकडे या जरा

तर्री_जास्त:
काल इथल्याच एका भाऊने सर्व्हरच्या मॉनिटरिंगबद्दल लिहिलं, "सगळे मेट्रिक्स चालू ठेवा, सुचेल ते लेबल लावा, सगळे इव्हेंट एक्सपोर्ट करा, डिस्क स्वस्त आहे." वाचून डोकं सणकलं म्हणून लिहून राहिलो. डिस्क स्वस्त आहे, मान्य, पण रॅम काय नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवर मिळते का बे? प्रोमिथियस, म्हणजे हे मेट्रिक्स (सर्व्हरचे मोजलेले आकडे) गोळा करणारं सॉफ्टवेअर, चालू सिरीज मेमरीत धरून बसते. लेबल म्हणजे आकड्याला लावलेली चिठ्ठी, न् चिठ्ठ्यांची प्रत्येक वेगळी जुळणी म्हणजे एक वेगळी सिरीज. साधा हिस्टोग्राम घे, म्हणजे किती रिक्वेस्ट किती वेळात झाल्या त्याचे खाने. गो भाषेच्या क्लायंटचे डिफॉल्ट ११ बकेट (खाने), एक इन्फिनिटीचं, वरून सम आणि काउंट, झाल्या १४ सिरीज. २० एंडपॉइंट (अ‍ॅपचे पत्ते), ५ स्टेटस कोड, ६ सर्व्हर, म्हणजे ८,४००. इथपर्यंत आराम. आता त्यात ग्राहकाचा मोबाईल नंबर लेबल म्हणून घाल, दहा हजार ग्राहक धर, पार ८ कोटी ४० लाखांपर्यंत जाऊ शकते. आमच्या एका पोराने हेच शुक्रवारी संध्याकाळी केलं न् घरी गेला. रात्री दीडला मॉनिटरिंगच आडवं. अ‍ॅप ठणठणीत, पण ठणठणीत आहे हे सांगणाराच मेला होता.

सगळंच_ठेवा:
तो भाऊ मीच. तुमच्या पोराने माती खाल्ली म्हणून मी उपाशी राहू काय? पेमेंट अडकलं की ग्राहक फोनवर शिव्या घालते, तेव्हा नेमकं कोणाचं अडकलं हे तुमच्या त्या ८,४०० सिरीज सांगणार आहेत का? आणि २०२२ चे सर्ट-इनचे (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) आदेश वाचा, १८० दिवस ठेवायला सांगितलंय.

माजी_डीबीए:
लॉग. लॉग ठेवायला सांगितलेत. मेट्रिक नाही. प्रोमिथियस तर डिफॉल्टला १५ दिवसच ठेवते. किती पेमेंट अडकले हे मेट्रिकला विचारायचं, कोणाचं अडकलं हे इव्हेंटला, म्हणजे एकेका घटनेच्या नोंदीला. एवढं साधं आहे, पण सगळ्यांना एकाच ग्राफमध्ये आख्खा सातबारा पाहिजे. बरं, इव्हेंट एक्सपोर्ट करता म्हणता, तो रिक्वेस्ट चालू असतानाच करता ना? मग काफ्का (इव्हेंट पुढे वाहून नेणारी रांग) झोपला की चेकआउट पण झोपते.

सगळंच_ठेवा:
मग काय पेमेंटचा इव्हेंट गाळू? हिशेब तुम्ही जुळवून देता का महिन्याच्या शेवटी?

माजी_डीबीए:
गाळा कोण म्हणते? ऑर्डर डेटाबेसच्या ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता त्यातच आउटबॉक्स टेबलात इव्हेंट लिहा, वेगळा वर्कर तो सावकाश पुढे पाठवेल. कधी दोनदा जाईल, म्हणून घेणाऱ्याने आयडी पाहून डुप्लिकेट सोडायचं. क्लिक-बिकचे इव्हेंट गळले तर गळू द्या, रांगेला मर्यादा घाला, आणि किती गाळले त्याचा काउंटर ठेवा. हा काउंटर कोणीच ठेवत नाही. कोणीच.

रात्रपाळी:
तुमचं सगळं बरोबर आहे साहेब, पण दीड वाजता फोन माझाच वाजते ना. ऑन-कॉलचा एक रुपया नाही. मागच्या मे महिन्यात ४०० अलर्ट आले एका रात्री, सर्व्हर रूमचा एसी गेला होता आणि मालकाने तिथे कूलर लावला.

हिंगणा_रोड:
थांबा थांबा. कूलर? पाण्याचा? सर्व्हर रूममध्ये??

रात्रपाळी:
हाव. खसवाला. मालक म्हणे घरी तर मस्त थंड करते.

हिंगणा_रोड:
अरे बाप्पा. बंद खोलीत कूलर म्हणजे वाफारा, हवा बाहेर जायला खिडकी पाहिजे. कनेक्टरला गंज चढेल ना.

सगळंच_ठेवा:
मेअखेरच्या नवतप्यात इथली हवा इतकी कोरडी असते की हाताला ठिणगी लागते, स्टॅटिकने पण बोर्ड जाते. थोडी ओल असलेली बरी. खिडकी उघडी ठेवली की झालं.

हिंगणा_रोड:
खिडकी उघडी म्हणजे धूळ न् ४५ डिग्रीची लू आत. सर्व्हरला १८ ते २७ डिग्री पाहिजे म्हणते एसीवाल्या इंजिनिअरांची संस्था अ‍ॅशरे. तुमच्या कूलरने ते होते काय, सांगा ना?

पुण्यात_स्थायिक:
क्लाउडवर जा ना रे. कूलर काय लावताय, हसायला येतंय.

तर्री_जास्त:
हास तू. क्लाउडवर कस्टम मेट्रिक्सचं बिल सिरीज मोजून लावतात, तिथे मोबाईल नंबर लेबलात टाकला असता तर तुझं स्थायिक होणं निघालं असतं. आणि दर दिवाळीला घरी येऊन कूलरसमोरच झोपतो ना तू?

पुण्यात_स्थायिक:
दिवाळीला कूलर कोण लावते?

तर्री_जास्त:
बरं, हा पॉइंट तुझा. घे.

माजी_डीबीए:
मूळ विषयावर येऊ का? स्क्रेप (प्रोमिथियसने आकडे उचलणं) एक मिनिटाला ठेवून कोणी रेट (वाढीचा वेग) पण एकाच मिनिटाचा मागत असेल तर ग्राफ रिकामा येईल, किमान दोन सॅम्पल लागतात. मी रेटसाठी स्क्रेपच्या चार पट वेळ घेतो. हे समजायला मला दोन दिवस लागले होते, आणि तेवढ्यात सर्व्हर बंद आहे म्हणून मी मॅनेजरला सांगून पण बसलो होतो.

सगळंच_ठेवा:
ठीक आहे, महापंडितहो, मोबाईल नंबर काढला लेबलमधून. आउटबॉक्सचं पाहतो. १५ सेकंदाचा स्क्रेप मात्र मी एक मिनिट करणार नाही, कोणी काही म्हणो.

माजी_डीबीए:
१५ ला कोणी नावच ठेवलं नव्हतं.

हिंगणा_रोड:
ते सोडा. रात्रीतून त्या कूलरमध्ये पाणी कोण भरत होतं?

रात्रपाळी:
ऑन-कॉलवाला.