प्रतिसाद : आधी बोलतं करायचं की आधी घर सावरायचं?

वर कुणीतरी लिहिलंय की पूर ओसरला रे ओसरला की शहरातून समुपदेशक आणून प्रत्येकाला बोलतं करावं. हेतू चांगला, पण घाई नडते. लगेच बसवून सगळं वदवून घेण्याचा फायदा दिसून आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. २०११च्या तिच्या पुस्तिकेतली मानसिक प्रथमोपचाराची सूत्रं साधी : बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या. बोलायचं नसेल त्याला बोलायला लावू नका.

जुलै २०२१च्या पुरानंतर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर होती. चिखल उपसलेल्या घरात गणपतीच्या वरची फळा-पानांची माटोळी बांधायला चार शेजारी आले, तर तेही मनाचंच काम (हे कुठल्याच सरकारी अर्जात बसत नाही, ते सोडा). मात्र महिने उलटले तरी झोप नाही, पाऊस वाजला की छातीत धडधड, किंवा दारू वाढलेली, तर तिथे नुसता शेजार पुरत नाही. आपल्याकडे गोव्यात ‘संगात’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलंय. तशी माणसं पंचायतीगणिक हवीत, पुराच्या आधीपासून. तोवर १४४१६, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे.