मदत हवी आहे: आईचं मन न दुखवता घरातलं जेवण कसं बदलू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळ राहतो, वय ४३, नोकरी पणजीला, अकाउंट्सचं काम. घरात आई (७१), बायको आणि नववीतला मुलगा. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण गेल्या आठवड्यात रिपोर्ट आले आणि आता लिहितोच.

एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१२, बीपी दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या आसपास, पोटाचा घेर ९८ सेंटीमीटर. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ च्या मध्ये आहात म्हणजे डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर उभे आहात, गोळी लगेच नको, तीन महिने खाणं आणि चालणं सुधारा मग परत तपासू. आणि एक छापील डाएट चार्ट दिला. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके, रात्री ग्रिल्ड चिकन. चार्ट चांगला असेल, पण आमच्याकडे फुलके महिन्यातून दोनदा होतात. आम्ही भात, हुमण (माशाची आमटी) आणि पाव खाणारी माणसं.

भीती का वाटते ते सांगतो. बाबांना वीस वर्षं डायबिटीस होता, शेवटची अडीच वर्षं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मीच न्यायचो. त्यांच्या हातावरची ती फुगलेली शीर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आणि हे फक्त आमच्याच घरात आहे असं पण नाही, २०२३ मध्ये आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे आले त्यात डायबिटीसमध्ये गोवा देशात सगळ्यात वर होता, २६.४ टक्के, आणि अख्ख्या देशाचा आकडा ११.४. तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

आता माझा दिवस. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की आई चार-पाच उंडे (गोल पाव) घेते, त्यातले दोन माझे, चण्याच्या रोसासोबत नाहीतर पातळ भाजीबरोबर. मग कदंबा बसने पणजी, तास जातो. ऑफिसात चहा चार वेळा, घरी एक, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे, हे मी रिपोर्ट आल्यावर पहिल्यांदा मोजलं. दुपारी डबा, भात-हुमण आणि तळलेला तुकडा. चार वाजता खालच्या गाड्यावर मिरची-पाव नाहीतर सामोसा, कारण घरी जेवायला नऊ वाजतात. रात्री परत भात. पालेभाजी असते पण वाटीभर सगळ्यांत मिळून. चालणं म्हणाल तर बसस्टॉपपर्यंत, आणि आता पाऊस सुरू झाल्यावर तेही छत्री घेऊन घाईघाईत.

भाताचं एक नीट सांगायचंय. आई वाढताना डवलीच्या पाठीने भात दाबते, मग मधे खळगा करून त्यात हुमण ओतते, लहानपणापासून तसंच. ताट बघितलं तर भात फार दिसत नाही. परवा ती देवापुढे दिवा लावायला गेली तेव्हा मी ताटातला भात काढून किचनच्या काट्यावर ठेवला, ३८० ग्रॅम भरला! एका वेळचा. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की माझा भात कमीच असतो.

आणि आता पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेलं खायचे दिवस. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, ताजी मासळी मिळते ती नदीतली आणि महाग, त्यामुळे आईने मे महिन्यात उन्हात वाळवून भरून ठेवलेले खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोलंबी), आणि चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), हे सगळं रोज ताटात. किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) असलं की मला दुसरं काही लागत नाही. बीपीच्या दृष्टीने हे सगळं मीठच हे कळतं, पण ती बरणी उघडली की आईचा चेहरा कसा होतो ते पण मला माहीत आहे.

खरी अडचण हीच आहे. फेब्रुवारीत बीपी पहिल्यांदा वाढलेलं कळलं तेव्हा मी स्वतःपुरतं वेगळं खायला लागलो होतो, रात्री उकडलेली अंडी, काकडी, सूप वगैरे. बायकोने साथ दिली. आई काही बोलली नाही, पण माझ्याबरोबर जेवायला बसायची बंद झाली, नंतर जेवते म्हणायची. अकराव्या दिवशी तिने विचारलं, "माझ्या हातचं खाऊन आजारी पडलास असं वाटतं का रे तुला? तुझ्या बाबांना पण मीच वाढत होते." मी त्याच रात्री परत भात-हुमण जेवलो आणि ते सगळं तिथेच संपलं.

म्हणून मला नवीन डाएट चार्ट नकोय. आमच्याच जेवणात काय कमी करायचं, काय वाढवायचं, जे चौघांनाही चालेल, मुलाला पण, कारण त्याचंही पोट सुटायला लागलंय, ते मला हवंय. उकडा तांदूळ खरंच बरा की ते ऐकीव आहे? उंड्याऐवजी पोळी (चपाती नव्हे, पोदेराकडचा तो चपटा पाव) घेतली तर फरक पडतो का, कोंड्याची असते ना ती? चारच्या भुकेला काय, जे ऑफिसात पटकन खाता येईल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांच्या घरात आई किंवा सासू स्वयंपाक करते त्यांनी हे तिच्याशी कसं बोललं? प्लीज अनुभव सांगा.

---

सत्तरीची_माय:
दादा, आधी आईशी बोल, तांदळाचं मागाहून. मी पण सासू आहे म्हणून सांगते. मुलगा वेगळं ताट घेतो तेव्हा आम्हाला वाटतं आपल्याला स्वयंपाकघरातून काढलं. तिला काम दे. तिला सांग, आई तू लहानपणी पावसात काय खायचीस? टाकळा (आमचा तायकिळो), तेरं, आळू, किल्ल (बांबूचे कोंब), आकूर, या सगळ्या पावसाळी भाज्या, हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त येत असणार, आणि आत्ताच तर दिवस आहेत, बाणस्तारीच्या बाजारात बायका घेऊन बसतात. अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा करायला सांग, भात आपोआप कमी लागतो. नाचण्याची आंबील ताकातली, बिनगुळाची, सकाळी बाटलीत भरून ने, चारला पी. तुझी भूक भागेल आणि तिला वाटेल माझ्या हातचंच आहे. बाबांचं म्हणशील तर ते तिच्या मनातून तूच काढू शकतोस, दुसरं कोणी नाही.

पाटो_ते_मिरामार:
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे साधारण सांगते. उकड्या तांदळात साल काढायच्या आधीच तो उकडलेला असल्याने बी-वन जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, त्यामुळे पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरा, कोरगुट (आपला गोव्याचा गावठी तांदूळ) मिळाला तर छानच, पण ३८० ग्रॅम उकडा भात म्हणजे साधारण १०० ग्रॅम कार्बोहायड्रेट झालंच. मात्रा कमी करणं जास्त महत्त्वाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात अर्धं ताट भाज्या आणि फळांचं धरलंय, तुमच्या घरात सध्या ती वाटी चौघांत फिरतेय, तिथून सुरू करा. जेवताना आधी भाजी आणि मासा खा, भात शेवटी. पोळीचं म्हणाल तर खरी कोंड्याची असेल तर उत्तम, पण बऱ्याच ठिकाणी मैद्याच्या पिठावर वरून कोंडा भुरभुरवतात, पोदेराला विचारा. दोन उंड्यांऐवजी एक पोळी घ्या. हुमणाला दोष देऊ नका, बांगडा आणि तारले ओमेगा-थ्रीसाठी फार चांगले, तळण्याऐवजी हुमणात नाहीतर तव्यावर थोड्या तेलात घ्या. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, पाऊस असेल तर व्हरांड्यात, जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. आठवड्याला एकूण १५० मिनिटं झाली पाहिजेत. आणि बीपी घरी मशीनवर रोज लिहून डॉक्टरांना दाखवा, ते नुसत्या खाण्यावर सोडू नका.

तीन_पिढ्या_एक_चूल:
खाऱ्या बांगड्याचं आमच्याकडे असं करतो, आदल्या रात्री पाण्यात टाकायचा, दोनदा पाणी बदलायचं, ओतून द्यायचं, आणि त्या दिवशी भाजीत-कढीत वेगळं मीठ अजिबात नाही. आठवड्यातून एकदाच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा पण नाही, त्यातलं बरंचसं चेपणीच्या एका तोरातच जातं. साखरेचं मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत बिनसाखरेवर आलो. एकदम सोडलेली दोनदा परत सुरू झाली होती.

---

मूळ लेखक:
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण आधी आईशी बोलायचं होतं.

रविवारी तिच्याबरोबर बाजारात गेलो. तायकिळो, तेरं, किल्ल घेतलं, पिशव्या मी धरल्या. घरी ती किल्ल सोलत बसली आणि मी समोर बसून तिला रिपोर्ट वाचून दाखवला, एकेक आकडा. म्हटलं, आई, बाबांचं रक्त माझ्यात आहे, तुझ्या हाताचा काही दोष नाही, बाबांना शेवटपर्यंत जेवावंसं वाटलं ते तुझ्यामुळेच. ती बराच वेळ काही बोलली नाही, किल्ल सोलत राहिली. मग म्हणाली, "डायलिसिसला परत कोणाला जाताना बघायची माझ्यात ताकद नाही." एवढंच.

त्या रात्री तिने भाजी मोठ्या टोपात केली. भात वाढला, पण डवलीने दाबला नाही. मी मागितलं नव्हतं. वजन केलं तर २१० ग्रॅम. मुलानेही तायकिळो दोनदा घेतला, खोबरं होतं म्हणून असेल. जेवून आम्ही तिघं व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, आई खुर्चीत बसून आमच्या फेऱ्या मोजत होती. चहा दीड चमच्यावर आलाय. पोदेर म्हणाला पोळीत अर्धा मैदा असतो, खरं बोलला म्हणून मला बरं वाटलं, एकच घेतो आता. बीपीची वही पण सुरू केली, पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे नेणार.

आता पुढचा प्रश्न. श्रावण येतोय, आमच्याकडे सोमवारी साबुदाणा आणि बटाटा असतो. त्याऐवजी तुम्ही काय करता? आई विचारतेय.